अबोल स्वभावाच्या माणसाने श्रद्धेची साक्ष कशी द्यावी?

प्रश्न वसईच्या एका तरुण भगिनीचा आहे. त्या अंधेरीच्या एका खासगी कंपनीत अकाउंट्स विभागात काम करतात. बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाला ख्रिस्ताची साक्ष देण्याचे पाचारण, म्हणजे देवाचे बोलावणे, आहे, असे त्या मिस्साच्या (चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या) प्रवचनात वारंवार ऐकतात आणि दर वेळी अस्वस्थ होतात. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. स्वभाव अबोल आहे, चारचौघांत बोलता येत नाही, तरी हे पाचारण आपल्याला लागू होते का? सध्याच्या वातावरणात धर्माविषयी काही बोलले की धर्मांतराचा संशय घेतला जातो, मग गप्प राहणेच शहाणपणाचे नाही का? आणि तिसरी गोष्ट घडलेली आहे. स्वतःची आई आजारी असताना एक हिंदू सहकारी त्यांना म्हणाली, "तुमच्या चर्चमध्ये आईसाठी एक मेणबत्ती लाव." या फक्त "हो" म्हणाल्या. तेव्हा आणखी काही बोलायला हवे होते का, ही रुखरुख त्यांना लागून राहिली आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे: होय, हे पाचारण तुम्हालाही लागू होते, आणि त्यातून कोणालाच सूट नाही. मात्र साक्ष म्हणजे भाषण अशी जी समजूत तुमच्या प्रश्नामागे दिसते, ती बाजूला ठेवल्याशिवाय या उत्तराचा उपयोग होणार नाही. प्रौढांना आणि दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्याची श्रद्धा पक्की करणाऱ्या संस्काराच्या) उमेदवारांना धर्मशिक्षण देताना ही समजूत मला जवळजवळ प्रत्येक वर्गात भेटते. तिच्यामुळे बोलके लोक उगाच निर्धास्त राहतात आणि अबोल लोक उगाच अपराधी.

बायबलच्या नव्या करारातील, लूकने लिहिलेल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा आठवा अध्याय काढून पाहा. श्रद्धेसाठी ठार मारल्या गेलेल्या स्तेफनच्या वधानंतर यरुशलेममध्ये मोठा छळ सुरू झाला आणि प्रेषित (येशूने निवडलेले प्रमुख शिष्य) सोडून बाकीचे सगळे यहूदिया व शोमरोन या प्रदेशांत पांगले, असे पहिल्याच वचनात म्हटले आहे. चौथे वचन सांगते की, पांगलेले हे लोक वचनाची सुवार्ता सांगत फिरले. प्रेषित तर यरुशलेममध्येच होते. म्हणजे ही सुवार्ता नेणारी माणसे घरदार सोडून पळालेली, नव्या गावी पोटापाण्याची सोय शोधणारी सामान्य माणसे होती. अकराव्या अध्यायात त्यांच्यापैकीच काही जण अंत्युखियाला पोहोचतात आणि तिथे प्रथमच यहुदी नसलेल्या लोकांशी प्रभू येशूविषयी बोलतात. शिष्यांना 'ख्रिस्ती' हे नाव पहिल्यांदा ज्या नगरात मिळाले, तिथली मंडळी अशा लोकांनी उभी केली. आणि ते कुप्र व कुरेने इथले होते, यापलीकडे त्यांची ओळख लूकने दिलेली नाही. पेत्र आणि पौल यांच्याविषयी आपण पुष्कळ शिकवतो, या निनावी लोकांविषयी फार थोडे शिकवतो, आणि माझ्या मते धर्मशिक्षणातली ही मोठी उणीव आहे.

जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने हीच गोष्ट आपल्या काळासाठी ठामपणे मांडली. ख्रिस्तसभेविषयीच्या (चर्चविषयीच्या) तिच्या 1964 च्या संविधानात प्रापंचिकांवर, म्हणजे धर्मगुरू वा संन्यस्त नसलेल्या सामान्य श्रद्धावंतांवर, स्वतंत्र प्रकरण आहे. काही ठिकाणे आणि काही परिस्थिती अशा असतात की, तिथे ख्रिस्तसभा प्रापंचिकांद्वारेच पृथ्वीचे मीठ होऊ शकते, असे त्यात सांगितले आहे. तुमचा अकाउंट्स विभाग हे असेच एक ठिकाण आहे. तिथे तुमचे धर्मगुरू येणार नाहीत, बिशपही येणार नाहीत. मार्चअखेरीला रात्री नऊपर्यंत बसलेल्या त्या आठदहा जणांमध्ये ख्रिस्ताचे नाव धारण केलेली कदाचित तुम्ही एकट्याच असाल. तो अधिकार आणि ती जबाबदारी तुम्हाला कोणा धर्मगुरूने वाटून दिलेली नाही. ती बाप्तिस्म्याने आली आणि दृढीकरणाच्या वेळी कपाळावर लावलेल्या अभिषेकाच्या तेलाने पक्की झाली.

आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया धर्मगुरू नव्हते. त्यांनी काही काळ व्यापार केला, पुढे फ्रान्सिस्कन संघात ते बंधू म्हणून राहिले, दुभाष्याचे काम केले आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकी येथे क्रुसावर प्राण दिला. 15 मे 2022 रोजी संत घोषित झालेले देवसहायम पिल्लै हे तर त्रावणकोरच्या राजदरबारातले विवाहित अधिकारी होते. हौतात्म्य प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही, परंतु हे दोघे ज्या कामधंद्यांतून तिथवर पोहोचले, ते कामधंदे आपल्याला परके नाहीत.

आता साक्ष म्हणजे नेमके काय, ते पाहू. त्यासाठी योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायासारखा दुसरा धडा मला माहीत नाही. जन्मांध माणसाला दृष्टी मिळते आणि लगेच चौकशी सुरू होते. "तो कुठे आहे?" असे शेजारी विचारतात, तेव्हा तो म्हणतो, "मला ठाऊक नाही." येशू पापी आहे, असे परुशी (नियम काटेकोर पाळणारे यहुदी धर्मपुढारी) त्याला सांगतात, तेव्हाही तो म्हणतो, "तो पापी आहे की नाही हे मला ठाऊक नाही. एक गोष्ट मला ठाऊक आहे, मी पूर्वी आंधळा होतो व आता मला दिसते." दोनदा "ठाऊक नाही" म्हणणारा हा माणूस नव्या करारातल्या उत्तम साक्षीदारांपैकी एक आहे. त्याला धर्मशास्त्र येत नाही, परुश्यांना वादात हरवणे हे त्याचे काम नाही; आपल्याला जे मिळाले ते कोणी दिले, एवढे तो सांगतो आणि धमकी मिळाली तरी ते विधान मागे घेत नाही. अबोल माणसाला हे जमण्यासारखे आहे.

त्याच अध्यायात त्याचे आईवडीलही आहेत. मुलगा आमचा आहे आणि तो जन्मतःच आंधळा होता, एवढे कबूल करून ते पुढे म्हणतात, "तो वयात आलेला आहे, त्यालाच विचारा." सभास्थानातून बहिष्कृत होण्याची त्यांना भीती वाटत होती, असे योहान स्पष्ट लिहितो. त्यांना लबाड म्हणायला माझे मन धजत नाही. बहुतेक दिवशी आपण सगळे त्या आईवडिलांच्या जागी असतो: खोटे बोलत नाही, पण ज्या प्रश्नाचे उत्तर महाग पडेल तो दुसऱ्याकडे सरकवतो. तुमच्या गप्प राहण्यात स्वभावाचा भाग किती आणि या भीतीचा भाग किती, हे तुम्ही प्रार्थनेत स्वतःला शांतपणे विचारावे. स्वभाव बदलण्याची गरज नाही. भीती मात्र प्रभूपुढे ठेवण्याची गोष्ट आहे.

साक्षीचा मोठा भाग बोलण्याआधीच घडतो आणि तो कामात घडतो. पौल थेस्सलनीकाच्या मंडळीला पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात लिहितो की, शांतपणे राहा, आपापला व्यवसाय करा, आपल्या हातांनी काम करा, म्हणजे बाहेरच्या लोकांशी तुमचे वागणे शोभण्याजोगे होईल. हिशेबाच्या खात्यात याचा अर्थ काय होतो, ते तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक कळते. मागची तारीख टाकून बिल चढवायला सांगितले जाते. न झालेल्या प्रवासाचे व्हाउचर समोर येते. पुरवठादाराचे पैसे तयार असूनही "साहेब रजेवर आहेत" असे फोनवर सांगायला लावतात. यातली प्रत्येक गोष्ट इतकी लहान असते की, तिच्यासाठी कोणी विरोधाचा आवाज उठवत नाही, आणि म्हणूनच तिथे माणसाची पारख होते.

अशा वेळी आरडाओरडा करू नये आणि सहकाऱ्यांना नीतिपाठही देऊ नये. "हे मी चढवू शकणार नाही, पण योग्य मार्गाने ते कसे बसवता येईल हे पाहून संध्याकाळपर्यंत सांगते," असे म्हणावे आणि खरोखरच संध्याकाळपर्यंत मार्ग शोधून द्यावा. नकाराबरोबर केलेली ही मेहनत लोकांच्या लक्षात राहते. तरीही कधी बढती हुकेल, कधी "फार शहाणी" असा शेरा ऐकावा लागेल. तो खर्च नाही, असे मी तुम्हाला सांगणार नाही.

आमच्या वर्गात येणाऱ्या एका परिचारिकेने सांगितलेली गोष्ट मी नेहमी सांगतो. रात्रपाळीत चाळीस रुग्णांमागे दोघीच असतात. दहाचे औषध कधी दहा चाळीसला दिले जाते, आणि कागदावर मात्र दहाच लिहिण्याची पद्धत सगळीकडे पडलेली असते. तिने दहा चाळीसच लिहायला सुरुवात केली. सुरुवातीला बोलणी बसली. काही महिन्यांनी एका डॉक्टरांनी आपल्या रुग्णाचा तक्ता पाहताना विचारले की, या पाळीत कोण होते, कारण या वेळांवर विश्वास ठेवून औषधाचे प्रमाण ठरवता येते. तिने धर्माचा शब्दही उच्चारला नव्हता. मात्र बरोबरच्या दुसऱ्या परिचारिकेने "तू एवढा त्रास का घेतेस?" असे विचारले, तेव्हा तिने उत्तर दिले, "मी रोज सकाळी प्रार्थनेत देवाला दिवस अर्पण करते, मग त्यात खोटी वेळ कशी लिहू?" तिची सगळी साक्ष एवढीच. पण ते एक वाक्य ऐकून घ्यावेसे वाटावे, इतका भरवसा तिने आधीच्या महिन्यांत कमावला होता.

इथे एका शंकेचे निरसन केले पाहिजे. तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या, असे येशू मत्तयाच्या पाचव्या अध्यायात सांगतो आणि सहाव्या अध्यायाच्या आरंभीच, लोकांनी पाहावे म्हणून धर्माचरण करू नका, असे बजावतो. दोन्ही वाक्ये एकाच प्रवचनातली आहेत. फरक कोणाचे नाव मोठे होते यात आहे: पहिल्या ठिकाणी लोक सत्कर्मे पाहून स्वर्गातील पित्याचा गौरव करतात, दुसऱ्या ठिकाणी करणाऱ्याची वाहवा होते. राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, पहाटेची मिस्सा करून कपाळावर राख घेऊन आपण विरार लोकलमध्ये चढतो, तेव्हा हा प्रश्न अगदी प्रत्यक्ष उभा राहतो, कारण त्याच सकाळी हाच सहावा अध्याय वाचलेला असतो. राख पुसावी की ठेवावी, असे मला दरवर्षी विचारतात. मी सांगतो की, मुद्दाम दाखवू नका आणि लाजून पुसूही नका. कोणी विचारले तर, "मी माती आहे आणि मला देवाकडे वळायचे आहे, याची ही खूण आहे," एवढे सांगा. आणि त्या दिवशी डब्यात चौथ्या सीटवर कशीबशी टेकलेल्या बाईसाठी थोडे सरकून बसा.

तरीही केवळ चांगले वागून भागत नाही. पोप पॉल सहावे यांनी 1975 च्या आपल्या प्रबोधनपत्रात शब्दांविना दिलेल्या जीवनाच्या साक्षीला पहिले स्थान दिले आणि लगेच पुढे असेही म्हटले की, उत्तमातली उत्तम साक्षसुद्धा प्रभू येशूचे नाव घेऊन स्पष्ट केली नाही, तर कालांतराने अपुरी ठरते. पुष्कळ ख्रिस्ती लोक या दुसऱ्या भागाकडे दुर्लक्ष करतात. चांगली माणसे सर्व धर्मांत आहेत, आणि कोणताही धर्म न मानणाऱ्यांतही आहेत. आपण शांत, प्रामाणिक राहिलो आणि त्यामागे कोण आहे हे कधीच सांगितले नाही, तर सगळे श्रेय आपल्या स्वभावाला आणि आईवडिलांच्या संस्काराला मिळते. पेत्राच्या पहिल्या पत्रातला नियम मला पुरेसा वाटतो: तुमच्या आशेविषयी जो विचारील त्याला उत्तर द्यायला सदैव तयार असा, पण ते सौम्यतेने आणि आदराने द्या. म्हणजे आधी समोरून प्रश्न यावा, आणि तो आला की आपल्याकडे उत्तर असावे.

तुमच्या सहकारी मैत्रिणीने तो प्रश्न तिच्या पद्धतीने विचारलेलाच आहे. माहीमच्या चर्चमधल्या बुधवारच्या नोव्हेना प्रार्थनेला आणि वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेला मुंबईतले सर्व धर्मांचे लोक मेणबत्त्या घेऊन येतात, त्यामुळे तिच्या मागणीत वेगळे काही वाटले नाही, हे स्वाभाविक आहे. त्या वेळी "हो" म्हणालात, ते योग्यच केले. आजारी आईच्या काळजीत असलेल्या मुलीला त्या क्षणी उपदेश करणे निर्दयपणाचे झाले असते. मेणबत्ती लावली असेल तर तिला तसे सांगा आणि लावली नसेल तर याच रविवारी लावा. आईचे नाव विचारून घ्या, कारण नाव घेऊन प्रार्थना करणे वेगळे असते. आठवड्याने तब्येतीची चौकशी करा. डबा द्यायचा असेल, औषध आणायचे असेल, इस्पितळात एक रात्र कोणी बसायला हवे असेल, तर पुढे व्हा. आणि योग्य वेळ आली तर एवढे सांगा की, "मेणबत्ती ही प्रार्थनेची खूण आहे, मी येशूपाशी तुझ्या आईसाठी मागते आहे, कारण तो आजाऱ्यांजवळ थांबणारा आहे, असा माझा अनुभव आहे." तिने पुढे विचारले तर बोला, नाही विचारले तर तिथेच थांबा. आई बरी झाली तर चमत्काराचा दावा करू नका आणि बरी झाली नाही तर मैत्री सैल होऊ देऊ नका.

एका संभाषणाचा परिणाम किती दूरवर जाऊ शकतो, हे मराठी ख्रिस्ती इतिहासाने पाहिले आहे. 1893 मध्ये कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने जात होते. डब्यातल्या एका युरोपियन प्रवाशाने त्यांना सौजन्याने वागवले, संस्कृत काव्याविषयी गप्पा मारल्या, ख्रिस्ताविषयी त्यांचे मत विचारले आणि उतरण्यापूर्वी नवा करार हाती दिला. टिळकांना पुढेही त्याचे नाव कळले नाही. तो ग्रंथ वाचताना डोंगरावरील प्रवचनाशी ते खिळून राहिले आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो प्रवासी प्रथम समोरच्या माणसाच्या आवडीच्या विषयावर बोलला आणि त्याचे म्हणणे ऐकले, याकडे मी तुमचे लक्ष वेधू इच्छितो. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची कथा तर आणखी बोलकी आहे. पतीच्या धर्मांतराने त्यांचे आयुष्य उद्ध्वस्त झाल्यासारखे झाले होते. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो पाच वर्षांनी, 1900 मध्ये, स्वतःच्या मनाने आणि स्वतःच्या गतीने.

धर्मांतराच्या संशयाविषयीच्या तुमच्या प्रश्नाचे उत्तर इथे सोपे होते. भारतीय संविधानाचे कलम 25 प्रत्येक व्यक्तीला आपला धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य देते. ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत आहे. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असेही स्पष्ट केले की, प्रसाराच्या या स्वातंत्र्यात दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क अंतर्भूत नाही. आपल्या ख्रिस्तसभेचा नियम याहून कडक आहे. व्हॅटिकन परिषदेच्या 1965 च्या मिशनकार्यविषयक आदेशात कोणावरही श्रद्धा लादण्यास, तसेच आमिष किंवा चतुराई वापरून कोणाला ओढण्यास सक्त मनाई आहे. अंतःकरण बदलणे हे पवित्र आत्म्याचे काम आहे, आपल्याकडे त्याचा हिशेब नाही. म्हणून संशयाला घाबरून तोंड बंद करू नका, फक्त तुमच्या बोलण्यामागे छुपा हेतू नसेल याची खात्री स्वतःशी करून घ्या. मदतीच्या मोबदल्यात चर्चमध्ये येण्याची अपेक्षा मनात असेल, तर ती मदत ख्रिस्ताच्या नावाने करू नये. दुसऱ्याच्या देवदेवतांविषयी वावगे बोलणे ही तर साक्ष नव्हेच. तो दोष आहे आणि तो कबूल करून क्षमा मागावी.

तुम्ही विचारलेले नाही, तरी घराविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण ख्रिस्ती साक्ष कार्यालयापेक्षा घरात अधिक वेळा फोल ठरते. वसईत जमिनीला सोन्याचा भाव आला, तेव्हापासून एकाच बाकावर परमप्रसाद घेणारे सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, अशी घरे आपल्या सर्वांच्या ओळखीची आहेत. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 हा ख्रिस्ती कुटुंबांना लागू होतो आणि मृत्युपत्र नसेल तर मुलगा व मुलगी यांचा वाटा त्यात समान आहे. तरी लग्न झालेल्या बहिणीला सणासाठी माहेरी बोलावून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते, आणि ती नाते तुटू नये म्हणून सही करते. सातबाऱ्यावरून बहिणीचे नाव काढून रविवारी वाचनमंचावर उभे राहणाऱ्या माणसाचे वाचन शेजारीपाजारी कसे ऐकत असतील? तीच गोष्ट लग्न जमवताना जात पाहण्याची. एकाच बाप्तिस्म्याचे लोक सोयरिकीच्या वेळी जुने समाज आणि जुनी पोटजात काढतात, हे बाहेरच्यांना दिसते. मला याचे फार दुःख होते आणि त्यावर धर्मग्रामात (एका चर्चच्या परिसरातल्या मंडळीत) पुरेसे बोलले जात नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. तुमच्या घरात हा विषय निघाला, तर तिथे तुमचा एक शांत शब्द कार्यालयातल्या दहा संभाषणांपेक्षा मोलाचा ठरेल.

हे सगळे स्वतःच्या बळावर पेलत नाही. रविवारची मिस्सा, नियमित प्रायश्चित्त संस्कार (धर्मगुरूपुढे पापांची कबुली) आणि रोज शुभवर्तमानाचा एखादा उतारा, यांच्याशिवाय दिलेली साक्ष लवकरच नुसता चांगुलपणा होते आणि मग कटू होते. गाडीच्या प्रवासात उतारा वाचायला पुरेसा वेळ मिळतो. कार्यालयात तुमचा तोल गेला, कोणाला टाकून बोललात, तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर माफी मागा.

शेवटी तुमच्यासाठी एक काम सुचवतो. दृढीकरणाच्या वर्गात मी ते प्रत्येकाकडून करून घेतो. ख्रिस्ताने तुमच्यासाठी काय केले, हे पाचसहा वाक्यांत कागदावर लिहा. ते तुमच्या घरच्या भाषेत लिहा, मग ती सामवेदी असो, वाडवळी असो वा प्रमाण मराठी. लिहून झाल्यावर 'कृपा', 'तारण', 'पाचारण' असे जे शब्द चर्चबाहेरच्या माणसाला कळणार नाहीत, ते काढून त्या जागी घडलेली गोष्ट लिहा: कोणत्या काळात, कोणत्या अडचणीत, नेमके काय झाले. जे घडलेले नाही ते लिहू नका आणि जिथे अजून शंका आहे तिथे "मला अजून कळलेले नाही" असेच लिहा. हा कागद घरातल्या एखाद्या जवळच्या माणसाला वाचून दाखवा आणि कोणते वाक्य खरे वाटत नाही ते विचारा. ते वाक्य सुधारा किंवा काढून टाका. राहील तेवढे पाठ असू द्या; मैत्रिणीने कधी विचारलेच, तर तेवढे सांगणे पुरेसे आहे.